पुढच्या ग्रान टुरिस्मोसाठी ट्रॅकचं मागणं: पॉलिफनी डिजिटलला खुलं पत्र

प्रति,
काझुनोरी यामाउची आणि पॉलिफनी डिजिटलमध्ये ट्रॅक घडवणारी सर्व मंडळी,
टोकियो

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, पुढचा ग्रान टुरिस्मो, म्हणजे प्लेस्टेशनवरच्या तुमच्या मोटार शर्यतींच्या खेळाचा पुढचा भाग. तो कधी येणार ते तुम्ही सांगाल तेव्हा कळेल, पण त्यात कोणते ट्रॅक असतील याचे निर्णय फार आधी होतात. ट्रॅक लेझरने मोजायचा, त्याचे ढिगाने फोटो काढायचे, मग डांबराच्या उंचवट्यापासून कठड्यामागच्या झाडापर्यंत सगळं नव्याने उभं करायचं, यात महिनेच्या महिने जातात. तेव्हा यादी पक्की होण्याआधीच मागणं मांडलेलं बरं. पत्र मराठीत लिहितोय, कारण तुमच्या ट्रॅकवरून मी ज्यांच्याशी इतकी वर्षं वाद घालत आलोय ती सगळी माणसं मराठीतच भांडतात. त्यांनाही हे वाचता यावं.

मागणं एका वाक्यात सांगतो. या वेळी गाड्यांपेक्षा ट्रॅकवर जास्त मेहनत घ्या, आणि ज्या ट्रॅकला स्वतःचा स्वभाव आहे तेच निवडा.

जीटी ७, म्हणजे सातवा ग्रान टुरिस्मो, मार्च २०२२ मध्ये आला तेव्हा त्यात चारशेच्या वर गाड्या होत्या. प्रत्येकीचं डॅशबोर्ड, शिलाई, दिव्यांची काच इतकी नेटकी की बघत राहावं. पण गाडी घेतली, रंगवली, पंधरा दिवस पळवली की ती गॅरेजात जाते. ट्रॅक तसा जात नाही. तो हातात उतरतो. जीटी ४ मध्ये २००४ साली तुम्ही जर्मनीतल्या नूर्बुर्गरिंगचं नॉर्डश्लायफे पहिल्यांदा दिलंत. २०.८ किलोमीटरचा तो रस्ता आमच्यापैकी अनेकांनी प्लेस्टेशन टूच्या साध्या कंट्रोलरवर पाठ केला. आज इतक्या वर्षांनी वेगळ्याच खेळात, वेगळ्याच गाडीतून तिथे गेलो, तरी फ्लुगप्लाट्झच्या आधी पाय आपोआप उचलला जातो आणि फुक्सरोरेच्या उतारावर स्टीअरिंग शांत धरलं जातं. त्या काळात कोणत्या गाड्या चालवल्या ते विचाराल तर मला चार नावं धड आठवणार नाहीत. यामाउचीसान, तुम्ही स्वतः नूर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला आहात. हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

स्वभाव म्हणतो तो कशाने येतो? माझ्या लेखी पहिला मान चढ-उताराचा. ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टचा माउंट पॅनोरमा तुम्ही जीटी ६ मध्ये आणलात. लांबी ६.२१३ किलोमीटर, आणि सगळ्यांत खालच्या जागेपासून माथ्यापर्यंत १७४ मीटरचा फरक. चढावर गाडी धापा टाकते, माथ्यावर दोन भिंतींच्या मधून वाट काढावी लागते, स्कायलाइनपाशी समोरचा रस्ता दिसेनासाच होतो आणि डिपरमध्ये मागची चाकं हलकी झालेली असतानाच वळायचं असतं. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकाच्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणात गाडी जेमतेम १४० मीटर अंतरात १८ मीटर खाली येते. आमच्याकडे बोरघाट किंवा आंबेनळी उतरलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. उतारावर वजन पुढच्या चाकांवर येतं, तेव्हा ब्रेक आणि स्टीअरिंग एकदम मागितलं की गाडी ऐकत नाही, हे त्याने अंगाने शिकलेलं असतं.

अडचण अशी की टीव्हीच्या पडद्यावर हा उतार अर्धासुद्धा दिसत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुम्ही जीटी ७ ला पीएस व्हीआर टू या डोळ्यांवर लावायच्या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटची जोड दिलीत. एका मित्राकडे तो हेडसेट लावून मी बाथर्स्टच्या माथ्यावर पोहोचलो आणि थबकलोच. इतकी वर्षं ज्याला मी सौम्य उतार समजत होतो तो कडा होता. व्हीआर प्रत्येकाकडे नसणार. म्हणून विनंती अशी की पुढच्या खेळात साध्या पडद्यावरही चढ-उतार जाणवेल असा काही उपाय शोधा: कॅमेऱ्याची मान किती झुकते, क्षितिज किती हलतं, फोर्स फीडबॅकमध्ये (स्टीअरिंग हाताला देतं त्या जोरात) पुढच्या चाकांवरचं ओझं किती उतरतं. आणि ट्रॅक निवडताना सपाट जागेपेक्षा डोंगराकडे आधी बघा.

दुसरा मान चूक केली की मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा. अलीकडे बांधलेल्या कितीतरी ट्रॅकांवर वळणाबाहेर डांबराचं मैदान असतं. गाडी बाहेर गेली तरी काही बिघडत नाही, आणि म्हणून खेळाला सेकंदांच्या पेनल्टी लावत बसावं लागतं. ऑनलाइन रेसमधली निम्मी भांडणं या पेनल्टीवरून होतात. बेल्जियममधल्या खऱ्या स्पा ट्रॅकने २०२२ मध्ये रेदियों, ला सोर्स, स्तावलो अशा ठिकाणी खडी परत आणली. तिथल्या लोकांनाही उमगलं की खडीपुढे कुणाला वाद घालता येत नाही. खडी, गवत, भिंत, जे असेल ते असू दे, पण शिक्षा जमिनीने करावी.

आता तुमच्या स्वतःच्या ट्रॅकांकडे येतो. सगळ्यांत जास्त जीव माझा इथे आहे.

१९९७ च्या डिसेंबरात पहिला ग्रान टुरिस्मो जपानमध्ये निघाला. त्यात हाय स्पीड रिंग, ट्रायल माउंटन, डीप फॉरेस्ट, ग्रँड व्हॅली, ऑटम रिंग, स्पेशल स्टेज रूट ५ होते. यांतला एकही ट्रॅक पृथ्वीच्या पाठीवर नाही. तुमच्या माणसांनी ते मनाने रचले, आणि ते इतके चांगले रचले की खऱ्या ट्रॅकांच्या शेजारी ठेवले तरी उणे वाटत नाहीत. ट्रायल माउंटनमध्ये खडकातल्या बोगद्यातून उजेडात येता येता ब्रेक लावायचा असे, तो क्षण. डीप फॉरेस्टमध्ये झाडीत शिरताना आवाज बदले, तो. पहिल्या प्लेस्टेशनच्या तुटपुंज्या ताकदीत, दातेरी कडांच्या चित्रांत हे साधलं होतं. कारण वळणांचा क्रम बरोबर होता: एका वळणातून निघालेली गाडी पुढच्या वळणासाठी कुठे उभी असेल, याचा विचार कुणीतरी कागदावर बसून केलेला होता.

जीटी ७ मध्ये ट्रायल माउंटन परत आलं, पण मागची सरळ (वळण नसलेला लांब पट्टा) लांबली आणि शेवटच्या शिकेनचा, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या उलटसुलट वळणांचा, आकार बदलला. ग्रँड व्हॅली परत आली ती हायवे १ होऊन, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी. दोन्ही देखणी आहेत. हायवे १ वरून संध्याकाळी समुद्र डाव्या-उजव्या हाताला येत-जात राहतो, त्याला तोड नाही. आजच्या जीटी ३ वर्गाच्या रेसिंग गाड्या जुन्या अरुंद शिकेनमध्ये झुंडीने शिरल्या तर काय होईल, हेही मला समजतं. रेस नीट व्हावी म्हणून तुम्ही बदल केलेत. पण मग जुना आराखडाही सोबत ठेवा ना. हे तुम्ही पूर्वी करून दाखवलंय. जीटी ४ मध्ये जपानचा फुजी ट्रॅक एकाच वेळी तीन रूपांत होतं: ऐंशीच्या दशकातलं, नव्वदीतलं आणि २००५ मध्ये नव्याने बांधलेलं. त्याच खेळात फ्रान्सचं ल मान्सही दोन रूपांत होतं, एकात उनोदिएरच्या सरळीवर शिकेन होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. १९९० मध्ये त्या दोन शिकेन घातल्या जाण्याआधी ती सरळ सुमारे ६ किलोमीटरची होती आणि १९८८ मध्ये तिथे एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता. पाठ्यपुस्तकात हे वाचून जे कळलं नसतं ते मला तुमच्या खेळात दोन लॅप मारून कळलं. मग ट्रायल माउंटनलाही स्वतःचा इतिहास असू द्या. १९९७ ची रेघ आणि २०२२ ची रेघ, दोन्ही.

मिडफील्ड, ॲप्रिकॉट हिल, स्पेशल स्टेज रूट ५, सिॲटल, ही नावं माझ्यासारखे लोक तुम्हाला दरवर्षी कळवत असणारच. मी त्यात दोन जोडतो, ज्यांचं नाव कमी निघतं. पहिलं एल कॅपिटान. योसेमिटीच्या कड्यांखालून जाणारा जीटी ४ चा तो ट्रॅक वेगवान होता, आंधळ्या चढांचा होता, आणि आजच्या चित्रक्षमतेत तो खडक सकाळच्या उन्हात कसा दिसेल याची मी नुसती कल्पना करतो. दुसरं चित्ता दि आरिया. इटलीतल्या असिसीच्या दगडी गल्ल्या, इतक्या अरुंद की एकावेळी दोनच गाड्यांची रेस. आज वीस गाड्यांच्या ऑनलाइन रेसेसच्या काळात असा ट्रॅक कुणी बनवणार नाही, म्हणून तुम्हीच बनवा. प्रत्येक ट्रॅकवर गर्दी झालीच पाहिजे असं कुठे आहे? एकट्याने, एका हलक्या छोट्या गाडीतून, आरशाला भिंत चाटून जाईल इतक्या जवळून गल्ल्या ओलांडत जाण्याचंही एक कसब आहे.

जे ट्रॅक एकेकाळी खरे होते आणि आता उरले नाहीत किंवा त्या रूपात वापरात नाहीत, त्यांच्याबद्दल माझी मागणी आणखी ठाम आहे. जर्मनीतलं जुनं होकेनहाइम घ्या. २००१ पर्यंत ते सुमारे ६.८ किलोमीटरचं होतं. स्टेडियममधून निघून गाडी घनदाट जंगलात शिरायची, लांबच लांब सरळ्या, मध्ये शिकेन, आणि पुन्हा स्टेडियमच्या गर्दीत. ड्रायव्हर जिम क्लार्कचा १९६८ मध्ये याच जंगलात अंत झाला. २००२ मध्ये ट्रॅक आखूड केला, जंगलातला रस्ता उखडला आणि तिथे झाडं लावली. म्हणजे आता जगातल्या कुठल्याच ड्रायव्हरला, कितीही पैसे मोजले तरी, तो लॅप मारता येणार नाही. तो फक्त खेळातच जिवंत होऊ शकतो. इटलीतल्या मोंझाची उतरती, कलती वळणं अजून उभी आहेत, पण १९६१ नंतर फॉर्म्युला वन त्यांच्यावरून धावलेलं नाही. रस्ता आणि कलता ओव्हल मिळून १० किलोमीटरचा तो पूर्ण ट्रॅक द्या. जुनं स्पा द्या, १४ किलोमीटरचं, मास्ता गावातल्या घरांच्या मधून पूर्ण वेगाने जाणारं. होकेनहाइमच्या जंगलात लेझरने मोजायला डांबर उरलेलं नाही, हे मला कळतं. नकाशे आहेत, विमानातून घेतलेली छायाचित्रं आहेत, जुनी चित्रीकरणं आहेत, आणि तुमच्याकडे न पाहिलेले ट्रॅक मनाने रचण्याचा अनुभव आहे. थोडा अंदाज करावा लागला तरी चालेल. अंदाजाने उभं केलेलं होकेनहाइम हे नसलेल्या होकेनहाइमपेक्षा कितीतरी चांगलं.

होकेनहाइमची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती पावसाच्या मागणीशी जोडलेली आहे. २००० सालच्या जर्मन ग्रां प्रीत (फॉर्म्युला वनच्या शर्यतीत) रुबेन्स बारिकेलो हा ड्रायव्हर १८ व्या जागेवरून निघाला. शेवटी शेवटी पाऊस आला, तो स्टेडियमच्या भागात पडला, आणि जंगलातल्या सरळ्या बऱ्याचशा कोरड्या राहिल्या. बरेच जण पावसाळी टायर घ्यायला पिटमध्ये गेले. बारिकेलो कोरड्या टायरवर तसाच थांबला, ओल्या स्टेडियममधून जीव मुठीत धरून गाडी सावरत राहिला आणि कारकिर्दीतली पहिली रेस जिंकला. ट्रॅक मोठा असला, त्यावर एकाच वेळी दोन हवा असल्या, की रेस अशी उलटते. जीटी ७ मध्ये तुम्ही पावसाचा रडार दिलात, हळूहळू सुकत जाणारी रेघ दिलीत, खळगे भरल्यावर गाडी तरंगते तेही दिलंत. रात्रीच्या आकाशातले तारेसुद्धा त्या त्या जागेप्रमाणे दिसतात. आणि एवढं करून पाऊस मात्र ठरावीक ट्रॅकांवरच पडतो. पुढच्या खेळात तो सगळीकडे पडू द्या. जिथे खऱ्या आयुष्यात पाऊस पडतो तिथे खेळातही पडावा, एवढंच.

पावसाचं निघालंच आहे तर आशियाकडे वळतो. जीटी ४ मध्ये हाँगकाँग होतं, सोल होतं. मग हळूहळू तुमच्या नकाशात आशिया म्हणजे जवळजवळ जपानच उरला. जपानचे ट्रॅक मला प्रिय आहेत. सुझुकासारखा स्वतःवरूनच पूल टाकून जाणारा आठच्या आकड्याचा ट्रॅक फॉर्म्युला वनमध्ये दुसरा नाही. पण मलेशियाचं सेपांग का नसावं? १९९९ मध्ये उघडलेला ५.५४३ किलोमीटरचा ट्रॅक, आणि रोज दुपार कलली की कोसळणारा पाऊस. २००९ ची ग्रां प्री युरोपातल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचला सुरू केली, आणि पावसाने आणि अंधाराने ती मध्येच बंद पाडली; निकाल ३१ लॅपचाच धरला. अर्धेच गुण वाटले गेले. आमच्याकडे जूनमध्ये पहिली मोठी सर येते तेव्हा रस्त्यावर महिनोन् महिने साचलेली तेलकट धूळ वर येते आणि पहिली दहा मिनिटं रस्ता निसरडा असतो. पहिल्या पावसात दुचाकी जपून चालवायची हे प्रत्येक घरात सांगितलं जातं. तुमचा पाऊस अजून युरोपातला आहे, हळू सुरू होणारा आणि हळू थांबणारा. उष्ण कटिबंधातली सर अशी वागत नाही. ती भिंतीसारखी येते आणि वीस मिनिटांनी ऊन पडतं, तापलेल्या डांबरावरून वाफ निघते. हे सेपांगवर दाखवा.

मकाव तर हवंच. ६.१२ किलोमीटरचा गिया सर्किट, १९५४ पासून शर्यती चालू. एका बाजूला बंदरालगतच्या लांब सरळ्या, दुसऱ्या बाजूला डोंगरावरच्या नागमोडी गल्ल्या, आणि मेल्को हेअरपिनपाशी रस्ता जेमतेम ७ मीटर रुंद. १९८३ मध्ये इथली फॉर्म्युला थ्री ग्रां प्री सेनाने जिंकली, १९९० मध्ये शूमाखरने. सरळीवरच्या वेगासाठी गाडीला रस्त्यावर दाबणारे पंख कमी ठेवावेत तर डोंगरात गाडी टिकत नाही, आणि डोंगरासाठी जास्त ठेवावेत तर सरळीवर मागे पडतो. सेटअपचा असा पेच फार थोडे ट्रॅक टाकतात. अमेरिकेतलं पाइक्स पीकही परत आणा, जे जीटी २ मध्ये होतं: १५६ वळणं, ४,३०२ मीटरवर शेवट, आणि वर वर जाताना विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद आणि पंखांची पकड दोन्ही गळत जातात. मातीचा जुना रस्ता आणि आताचा डांबरी, दोन्ही मिळाले तर सोन्याहून पिवळं.

आणि भारत. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाला. ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं. तीन वर्षं फॉर्म्युला वन आलं आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. २०११ चा त्याचा १:२७.२४९ हा लॅप अजून विक्रम आहे. २०१३ मध्ये त्याने चौथं विश्वविजेतेपद इथेच पक्कं केलं, मुख्य सरळीवर गाडी गोल गोल फिरवली आणि खाली उतरून गाडीपुढे वाकला. नारायण कार्तिकेयन २०११ मध्ये इथे घरच्या प्रेक्षकांसमोर एचआरटी संघाच्या गाडीतून धावला. २०१३ नंतर फॉर्म्युला वन गेलं ते परत आलं नाही. २०२३ मध्ये मोटरसायकलींचं मोटोजीपी आलं, आणि उकाडा इतका होता की रेस २४ लॅपवरून २१ वर आणावी लागली.

हा ट्रॅक भारतात आहे एवढ्यावरून मी तो मागत नाही. वर ज्या कसोट्या लावल्या त्या यालाही लावतो. तिसऱ्या वळणापाशी रस्ता चढतो आणि रुंद होतो, आत शिरायला दोन-तीन वाटा मिळतात, मग सुमारे किलोमीटरभराची सरळ. दहा-अकराचं लांबलचक उजवं वळण संपता संपत नाही, पुढचा टायर तिथे भाजून निघतो. भोवतीची धूळ वाऱ्याने ट्रॅकवर येते, त्यामुळे रेघेच्या बाहेर पकड कमी असते. हे सगळं खेळायला गमतीचं आहे. फॉर्म्युला वनच्या अधिकृत खेळांत २०११ ते २०१३ दरम्यान तो होता, पण तिथे तो फक्त एकाच जातीच्या गाड्यांसाठी होता. जीटी ३ गाड्या, जुन्या टूरिंग गाड्या, साध्या हॅचबॅक यांनी बुद्धवर कसं पळावं हे फक्त तुमच्याच खेळात बघता येईल. आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक, ३.७ किलोमीटरचा, १९९० मधला, छोट्या गाड्यांसाठी झकास. भारतातल्या ड्रायव्हरांच्या पिढ्या तिथे घडल्या. २०१४ मध्ये निस्सानच्या जीटी अकादमीची, म्हणजे खेळाडूंमधून खरे ड्रायव्हर निवडणाऱ्या स्पर्धेची, फेरी भारतातही झाली होती. इथल्या मुलांनी तुमच्या खेळात, तुमच्या ट्रॅकांवर वेळा लावून खऱ्या गाडीपर्यंत जायचा प्रयत्न केलाय. त्यांना स्वतःच्या देशातला एकही ट्रॅक त्या खेळात मिळाला नव्हता.

शेवटचं मागणं सगळ्यांत मोठं. टोकियोचा एक्स्प्रेसवे, रोम, माद्रिद, पॅरिस, न्यूयॉर्क, या शहरांना तुम्ही ट्रॅक बनवलंत. आता मुंबई घ्या. मी नुसतं नाव घेऊन थांबत नाही, लॅप सांगतो.

नरिमन पॉइंटहून सुरुवात. डाव्या हाताला समुद्र, कठडा आणि टेट्रापॉड, उजव्या हाताला आर्ट डेको इमारतींची रांग, जी २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. मरीन ड्राइव्ह सरळ दिसतो पण तो सबंध एक लांब डावं वळण आहे, हळूहळू आवळत जाणारं. पूर्ण थ्रॉटलवर, स्टीअरिंग किंचित डावीकडे धरून गिरगाव चौपाटीपर्यंत. तिथे जोरात ब्रेक, आणि वाळकेश्वर रोडने मलबार हिलचा चढ. अरुंद रस्ता, दगडी भिंती, वाकलेली झाडं. तीन बत्तीवरून बी. जी. खेर मार्गाने माथा गाठायचा, हँगिंग गार्डनशेजारून पुढे आणि केम्प्स कॉर्नरकडे उतार. मुंबईतला पहिला उड्डाणपूल १९६५ मध्ये इथे झाला. तिथून ब्रीच कँडीच्या अंगाने अमरसन्स बागेपाशी कोस्टल रोडवर, पुन्हा समुद्र, पुन्हा वेग. प्रियदर्शिनी पार्कजवळ बोगदा. ज्या डोंगरावरून आत्ताच उतरलो त्याच्याच पोटातून सुमारे दोन किलोमीटर, जो ‘मावळा’ नावाच्या यंत्राने खोदला. बोगद्यात इंजिनाचा आवाज कसा वाजवायचा हे तुम्हाला सांगायला नको. बाहेर पडलात की चौपाटी, आणि आता मरीन ड्राइव्ह उलट दिशेने, उजवं वळण घेत, नरिमन पॉइंटच्या हेअरपिनपर्यंत.

चढ-उतार आहे, अरुंद गल्ली आहे, समुद्रकाठची लांब सरळ आहे, डोंगर आणि त्याखालचा बोगदा दोन्ही एकाच लॅपमध्ये आहेत. मकावची ज्यांना ओढ आहे त्यांना हा ट्रॅक आपला वाटेल. रात्री दिव्यांची माळ लागते, ती तुमच्या प्रकाशयोजनेसाठीच जणू. आणि जुलैत, भरतीच्या वेळी, लाटा कठड्यावरून थेट रस्त्यावर येतात. डाव्या लेनमध्ये पाणी, उजव्या लेनमध्ये फक्त ओल, आणि लाट कधी येईल ते ओळखायचं असतं. जगातल्या कुठल्याही रेसिंग खेळात असा पाण्याचा डाव मी पाहिलेला नाही. खऱ्या मुंबईत त्या रस्त्यावर असा वेग गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. तिथे माणसं फिरायला येतात, म्हातारी माणसं कठड्यावर बसतात. म्हणूनच हा लॅप मारायची जागा तुमचा खेळ आहे.

हे सगळं एका खेळात मावणार नाही, याची कल्पना आहे. न मावलेल्यासाठी कोर्स मेकर, म्हणजे स्वतःचा ट्रॅक काढायची सोय, परत द्या. जीटी ५ मध्ये तो होता, जीटी ६ ला २०१५ मध्ये टॅबलेटवर बोटाने रेघ ओढून जर्मनीतल्या आयफेल किंवा स्पेनमधल्या आंदालुसियाच्या जमिनीवर ट्रॅक काढता येत होता. त्यात सह्याद्रीसारखी जमीन दिलीत, कडे, खिंडी आणि नागमोडी घाट असलेली, तर पसरणी, ताम्हिणी आणि आंबोली आमचे आम्ही काढून घेऊ.

मुंबईची मोजणी करायचं ठरलंच, तर माणसं जानेवारी-फेब्रुवारीत पाठवा. हवा कोरडी असते, रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर वाहनं कमी असतात, लेझरला अडथळा होत नाही. पोलीस आणि महापालिकेची परवानगी घ्यायला वेळ लागेल, तो आधीच धरून ठेवा. आणि एक छोटी तुकडी जुलैमध्ये वेगळी पाठवा, फक्त पावसाचा आणि लाटांचा आवाज ध्वनिमुद्रित करायला. भरतीचं वेळापत्रक महापालिका दर पावसाळ्यात जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती निवडा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पहिल्या प्लेस्टेशनपासूनचा एक खेळाडू, पुणे